चाकवताचा डोंगरातला भाऊबंद

आमच्याकडे क्विनोआ पहिल्यांदा शिजला तो एका रविवारी सकाळी. भाचीने बंगळूरहून येताना अर्धा किलोचं पाकीट आणलं होतं. तांदूळ धुतो तसा मी तो एका पाण्याने धुतला, कुकरला लावला आणि तीन शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तर आत लगदा. पहिला घास घेतला आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळत राहिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताटातला तेवढा भाग त्यांनी बाजूला सारला आणि पोळी मागितली.

भाचीला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ओट्याशी ती उभी राहिली. त्याच पाकिटातला क्विनोआ तिने पिठाच्या बारीक चाळणीत घेतला, चाळणी पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवली आणि दाणे तळहातांनी चोळायला सुरुवात केली. पाणी दुधाळ झालं आणि वर फेस आला, कपडे भिजवल्यावर बादलीत येतो तसा. तिने पाणी ओतून दिलं, पुन्हा चोळलं, पुन्हा फेस. चौथ्या पाण्याला फेस थांबला. मग दाणे निथळून कढईत जरा कोरडे परतले, मोजून पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि पंधरा मिनिटांनी गॅस बंद केला. या वेळी दाणे मोकळे होते. प्रत्येक दाण्याला पांढरी, केसासारखी बारीक शेपटी सुटली होती. चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी, किंचित गोडसर. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि विचारलं, "हे उपवासाला चालतं का गं?"

पाकीट तेच, पातेलंही तेच, आणि एका दिवसात चव इतकी पालटली. धान्यात साबणाचा फेस कुठून आला? ती शेपटी कसली? मोड म्हणावेत, तर दाणे भिजत घातलेच नव्हते. आणि भाची ज्या प्रथिनांचं एवढं कौतुक करत होती ती या मोहरीएवढ्या दाण्यात येतात कुठून? या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात केली तर गाठ लवकर सुटते.

धान्य की भाजीचं बी?

तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही सगळी गवतं आहेत. लांबट पातं, पात्यावर समांतर शिरा, टोकाला लोंबी किंवा कणीस, अशी या घराण्याची ओळख. क्विनोआचं झाड यांच्यात उभं केलं तर ते परकं दिसेल. त्याची पानं रुंद, दातेरी कडांची आणि शेंड्याला रंगीत तुरा. आपल्याकडच्या माणसाने त्याचं कोवळं रोप पाहिलं तर तो बेधडक म्हणेल, हा चाकवत.

आणि तो फारसा चुकणार नाही. ताकातल्या पातळ भाजीसाठी आपण जो चाकवत आणतो, तो आणि क्विनोआ एकाच प्रजातीगटातले सख्खे भाऊबंद आहेत. वनस्पतिशास्त्रात चाकवत म्हणजे चेनोपोडियम आल्बम आणि क्विनोआ म्हणजे चेनोपोडियम क्विनोआ. चेनोपोडियम म्हणजे हंसाचं पाऊल, कारण पानाचा आकार तसा असतो. जरा लांबचं नातं धरलं तर पालक, बीट, माठ आणि राजगिरा हेही याच कुळातले. लाल क्विनोआचा रंग आणि बिटाचा रंग एकाच जातीच्या रंगद्रव्यांतून येतो, तो त्यामुळेच.

चाकवताची जुडी पुढच्या वेळी आणाल तेव्हा एक कोवळं पान उलटं करून पाहा. मागच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुकटी दिसते. बोट फिरवलं की ती बोटाला लागते. कित्येक जण ती धूळ किंवा फवारणीचं औषध समजून घासून काढतात. पण ती पानाचीच असते. भिंगाखाली धरली तर बारीक दांड्यांवर उभे असलेले पाण्याचे इवले फुगे दिसतात. क्विनोआच्या पानांवरही हेच फुगे असतात. हे झाड खाऱ्या जमिनीत तगतं ते मुळांनी ओढलेलं मीठ या फुग्यांत साठवून, अशी बरीच वर्षं समजूत होती. अलीकडे कोपनहेगनमधल्या संशोधकांनी फुगे नसलेली क्विनोआची रोपं मिठाच्या पाण्यावर वाढवून पाहिली आणि ती रोपंही तितक्याच जोमाने वाढली. फुग्यांचं खरं काम निराळं निघालं. पान खायला आलेल्या बारीक किडींना ते अडवतात. हे झाड आपलं रक्षण फार मनावर घेतं, हे ध्यानात ठेवा. फेसाचं उत्तर तिथेच आहे.

आता उपवासाबद्दल. राजगिरा उपवासाला चालतो तो धान्य नव्हे म्हणून, असं धरलं तर क्विनोआलाही तोच न्याय लागू होतो. पण आपल्या उपवासाच्या यादीत वरीही आहे, आणि वरी हे शुद्ध गवत आहे. ती यादी वनस्पतिशास्त्र पाहून झालेली नाही. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की हा राजगिऱ्याच्या कुळातला आहे. पुढचं त्यांनी ठरवलं, आणि त्या एकादशीला आमच्याकडे क्विनोआची खिचडी झाली. तिच्याकडे पुन्हा येणारच आहे.

रिठ्यातला फेस दाण्यात

आजीच्या काळी न्हाणीघरात रिठे भिजत असत. रिठ्यात आणि शिकेकाईत जे द्रव्य असतं त्याच वर्गातली द्रव्यं क्विनोआच्या दाण्याच्या सालीत असतात. त्यांना सॅपोनिन म्हणतात. साबणाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं.

सॅपोनिनच्या रेणूला दोन तोंडं असतात. एक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं तेलातुपाकडे. पाण्यात हे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात, एक तोंड पाण्यात बुडवून आणि दुसरं हवेत ठेवून. हात फिरवला की हवा आत शिरते, तिच्याभोवती या रेणूंचं पातळ कातडं तयार होतं आणि बुडबुडा टिकतो. रिठ्याने केसांतलं तेल निघतं तेही याच दोन तोंडांमुळे.

झाडाला साबण कशाला हवा? सजीवांच्या पेशींची आवरणं स्निग्ध द्रव्याची असतात. सॅपोनिन त्या आवरणांना छिद्रं पाडू शकतं, त्यामुळे बुरशीला आणि किडीला ते भोवतं. शिवाय ते कडू. पाखरू एकदा चोच मारतं आणि पुढच्या शेतात जातं. अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं कडूच वाण राखले, यामागे राखणीचा मोठा भाग आहे. ज्वारीच्या राखणीसाठी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या माणसाला या सोयीची किंमत सांगायला नको.

आपल्या सुदैवाने हे सगळं सालीतच असतं, आतला गाभा स्वच्छ असतो. म्हणूनच ते काढता येतं. बोलिव्हियात त्याची जुनी पद्धत अशी: दाणे आधी भाजायचे, म्हणजे साल सुटी होते. मग दगडात कोरलेल्या उथळ खळग्यात ते घालून पायांनी तुडवायचे, देह डावी-उजवीकडे वळवत, टाच रुतवून. त्यानंतर वाऱ्यावर उफणायचे आणि शेवटी धुऊन वाळवायचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. यंत्रं आली तेव्हा पहिली सुटका त्यांच्या पायांची झाली.

आज बाजारातला क्विनोआ बहुतेक वेळा यंत्रात घासून आणि धुऊन आलेला असतो. तरी सालीची भुकटी दाण्यांना चिकटलेली राहते, आणि पहिल्या दिवशी आमच्या घासात आली ती हीच. कडवटपणा राहिला तर चव बिघडतेच, काही जणांच्या पोटालाही ते मानवत नाही. "पाकिटावर धुतलेला लिहिलंय" म्हणून धुणं टाळू नये.

कडूपणा नसलेले वाणही आहेत. २०१७ मध्ये मार्क टेस्टर यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने क्विनोआची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सॅपोनिन तयार करण्याचा हुकूम देणारं एक जनुक त्यात सापडलं. गोड वाणांत त्या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे हुकूम सुटतच नाही. असे वाण वाढवले तर धुण्याचं पाणी आणि श्रम वाचतील. पाखरांचं काय करायचं, हे मात्र त्या त्या शेतावर ठरेल.

शेपटी म्हणजे बाळरोप

आता एक शिजलेला दाणा बोटावर घ्या आणि नखाने हलकेच ती शेपटी ओढा. दाण्याभोवती बांगडीसारखी गुंडाळलेली पांढरी दोरी उलगडत बाहेर येते. ही दोरी म्हणजे बियातला गर्भ, उद्याचं झाड. एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला दोन चिमुकली पानं, असं सगळं त्यात तयार असतं. शिजताना दाणा फुगतो, बांगडीचं एक टोक सुटतं, आणि आपल्याला वाटतं मोड आला.

गव्हाच्या दाण्याशी तुलना केली म्हणजे यातली गंमत कळते. गव्हात गर्भ म्हणजे टोकाशी असलेला एक ठिपका, वजनाने दाण्याच्या जेमतेम दोन-तीन टक्के. बाकी बहुतेक दाणा म्हणजे स्टार्चचं कोठार. तांदूळ सडताना तर तो ठिपकाही कोंड्याबरोबर उडून जातो. क्विनोआमध्ये गर्भाने दाण्याचा पाव ते तिसरा हिस्सा व्यापलेला असतो. मधोमध स्टार्चची गोळी आणि तिच्याभोवती गर्भाचं कडं, अशी रचना.

गव्हाचा दाणा म्हणजे धान्याने भरलेली मोठी कणगी आणि तिच्या दाराशी झोपलेलं एक बाळ. क्विनोआचा दाणा म्हणजे बाळंतिणीची खोली. बाळ मोठं, आणि त्याला लागणारं सगळं उशापायथ्याशी. बाळाला अंग धरायला प्रथिनं लागतात, तेल लागतं, लोह, मॅग्नेशियम, जस्त लागतं. गर्भ मोठा म्हणून हे सगळं जास्त. क्विनोआच्या पौष्टिकपणाचं गुपित या शेपटीत आहे. तो खाताना आपण कोठाराबरोबर बाळरोपही खातो, अंकुरासकट.

चवीचा उलगडाही इथेच होतो. मधला स्टार्च फार बारीक कणांचा असतो, एक-दोन मायक्रॉन आकाराचा, तांदळातल्या कणांहून लहान. कण बारीक, दाणा छोटा, त्यामुळे पंधरा मिनिटांत शिजतो. या स्टार्चची जातही चिकट होणारी आहे. इंद्रायणी चिकट होतो आणि बासमती मोकळा राहतो, त्यामागे स्टार्चमधल्या ज्या घटकाचं कमी-जास्त असतं तो घटक क्विनोआत कमीच आहे. तरीही नीट शिजवलेला क्विनोआ मोकळा राहतो आणि दाताखाली किंचित कुरकुरतो. ती कुरकुर गर्भाच्या कड्याची. मधला भाग मऊ, कडं चिवट. कुकरच्या तीन शिट्ट्यांत हे कडंही गळून पडतं, आणि उरतो तो लगदा.

माळ ओवताना

क्विनोआबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरतं: सर्व आवश्यक अमिनो आम्लं असलेलं हे एकमेव वनस्पतिजन्य अन्न. हे खरं नाही, आणि इतक्या चांगल्या अन्नाला अशा दाव्याची गरजही नाही.

प्रथिनं म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांच्या माळा. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यांतले नऊ प्रकार मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. शरीर आपल्याला हवी ती माळ ओवायला बसतं तेव्हा ठरलेल्या क्रमानेच ओवतं. एक मणी कमी पडला की ओवणं तिथे थांबतं, बाकीच्या मण्यांचे ढीग पडले असले तरी.

गहू-तांदळात नऊच्या नऊ मणी असतात, पण लायसिन नावाचा मणी तुटपुंजा असतो. मोठ्या माणसाला दर ग्रॅम प्रथिनामागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसिन हवं. गव्हाच्या पिठात ते २५ ते ३० च्या घरात असतं, तांदळात ३६ च्या आसपास. गवतांच्या दाण्यात कोठारासाठी म्हणून जी प्रथिनं रचलेली असतात त्यांत लायसिनला फारशी जागा नसते, म्हणून ही तूट. क्विनोआची प्रथिनं बरीचशी गर्भातली, घडणीने डाळींच्या प्रथिनांना जवळची, आणि त्यांत लायसिन ५० च्या वर असतं. एकट्याच्या बळावर माळ पुरी करणारे दाणे थोडे आहेत. क्विनोआ त्यांतला एक, राजगिरा दुसरा, सोयाबीनही त्याच पंगतीतलं.

आणि वरण-भात? तुरीत लायसिन ७० च्या आसपास असतं. तिच्यात उणीव असते ती मेथिओनिन या दुसऱ्या मण्याची, आणि ती भात भरून काढतो. ताटात दोन्ही एकत्र आले की माळ पुरी होते. ज्याच्या जेवणात रोज डाळ आहे त्याला क्विनोआवाचून काही अडत नाही, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. क्विनोआ उपयोगी पडतो तो एकाच पदार्थावर भागवायचं असतं तेव्हा: डब्यात, प्रवासात, आजारातून उठलेल्या माणसाच्या वाटीत, किंवा गव्हातलं ग्लूटेन ज्यांना चालत नाही त्यांच्या ताटात.

आकड्यांतही एक गफलत नेहमी होते. १०० ग्रॅम कोरड्या क्विनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं असतात. पण कोरडा कोणी खात नाही. शिजताना तो पाणी पितो, आणि शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं उरतात साधारण साडेचार ग्रॅम. मोठी वाटी भरून, म्हणजे १५० ग्रॅम खाल्ला तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच भातात ती चार ग्रॅम असतात. फरक आहे आणि चांगला आहे, पण एका वाटीने दिवसाची गरज भागत नाही. पिष्टमय पदार्थही त्यात भरपूर आहेत. भातापेक्षा साखर सावकाश वाढते, तरी मधुमेह असलेल्यांनी तो वाटीने मोजून खावा, ताट भरून नव्हे.

चौकट: कोरड्या १०० ग्रॅम क्विनोआत साधारण काय असतं

ऊर्जा: ३६८ किलोकॅलरी
प्रथिनं: १४ ग्रॅम
तंतू: ७ ग्रॅम
स्निग्ध पदार्थ: ६ ग्रॅम
लोह: साडेचार मिलिग्रॅम
मॅग्नेशियम: सुमारे २०० मिलिग्रॅम
जस्त: ३ मिलिग्रॅम
कॅल्शियम: ४७ मिलिग्रॅम
ग्लूटेन: नाही
लोह अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळावं. तेलाचा अंश जास्त असल्याने दळलेलं पीठ लवकर खवट होतं, ते थोडं थोडं दळावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं.

बटाटा जगभर गेला, हा मागे राहिला

पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर तितिकाका नावाचं विस्तीर्ण सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. रात्री पाणी गोठतं, दिवसा ऊन भाजून काढतं. याच परिसरात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने रानटी चाकवतासारख्या झाडांतून क्विनोआ निवडून निवडून घडवला. बटाटाही याच डोंगरांत माणसाळला. तिथल्या केचुआ भाषेत या दाण्याला 'किनवा' म्हणतात. आपण जो उच्चार करतो तो स्पॅनिश लेखनाच्या वाटेने आलेला आहे.

दक्षिणेला उयुनी नावाचं मिठाचं पांढरं पठार आहे, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं. त्याच्या काठच्या वाळूमिश्रित, खारट जमिनीत दुसरं पीक उभं राहत नाही. तिथे क्विनोआची 'रेआल', म्हणजे राजेशाही, ही टपोऱ्या दाण्याची जात पिकते. गावातलं खाणंही ऐकावं असं आहे. दूध आणि चीज घालून घोटलेला क्विनोआ म्हणजे पेस्के. पिठाचे मुटके वळून वाफवले की किस्पिन्या. दाणे भाजून दळले की पितो, आपल्या सातूच्या पिठाचा सखा, रानात जाताना सोबत बांधून न्यायचा.

१५३२ मध्ये स्पॅनिश सैन्याने इंका राजाला पकडलं आणि तो मुलूख त्यांच्या हाती गेला. नव्या मालकांना गहू आणि जव हवे होते. क्विनोआ ठरला 'इंडियन लोकांचं खाणं'. मग याच मुलखातला बटाटा जगभर कसा पोचला? जेत्यांची नावड हे एक कारण. दुसरं दाण्याच्या रचनेतच आहे. आई इंका आणि वडील स्पॅनिश असलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला व्हेगा स्पेनमध्ये स्थायिक झाला होता. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो लिहितो की मायदेशाहून क्विनोआचं बी मागवलं होतं, पण ते मेलेलंच पोचलं. शेपटी आठवा. गव्हात गर्भ एका कोपऱ्यात राखलेला असतो, क्विनोआत तो थेट सालीखाली, काठावर. ओल लागली की काही तासांत बी जागं होतं, आणि दमट जहाजातल्या महिन्यांच्या प्रवासात त्याचं काय होणार, हे उघड आहे. ज्या रचनेने तो पौष्टिक झाला त्याच रचनेने त्याला घराशी बांधून ठेवलं.

पुढची चारेक शतकं तो डोंगरातल्या गरिबांच्या ताटात राहिला. बाहेरच्या जगाचं लक्ष विसाव्या शतकाच्या अखेरीस गेलं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने दूरच्या मोहिमांत पिकवता येण्याजोगं अन्न म्हणून त्याचा विचार केला. बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, जसं भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष झालं.

मागणी वाढली तसे भाव काही वर्षांत तिपटीच्या घरात गेले. तेव्हा वर्तमानपत्रांत आलं की श्रीमंत देशांच्या हौसेपायी बोलिव्हिया-पेरूच्या गरिबांना त्यांचंच धान्य परवडेनासं झालं. मलाही ते पटलं होतं. पेरूमधल्या कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासणारा अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि चित्र निराळं निघालं. भाव वाढले त्या काळात पिकवणाऱ्यांची स्थिती सुधारली होती, आणि नुसता विकत घेऊन खाणाऱ्यांचीही खालावलेली दिसली नाही. खरा घाव बसला तो जमिनीला. जिथे लामांचे कळप चरत तिथे ट्रॅक्टर फिरले. लामा गेले तसं त्यांचं शेणखत गेलं, आणि नांगरलेली हलकी माती वाऱ्यावर उडाली. मग पेरूने सखल भागांतही लागवड वाढवली, इतर देश उतरले, आणि २०१५ मध्ये भाव कोसळले. भाव चढताना ज्यांनी कर्ज काढून पेरणी वाढवली असेल, त्यांचा विचार केला की जीव तुटतो. कांद्याच्या भावाने आपल्याकडे काय होतं ते आपण दर दोन-तीन वर्षांनी बघतोच.

एकादशीची खिचडी

भारतातही हा आता रब्बीत घेतला जातो. राजस्थानात तो पिकतो, आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरसारख्या कोरड्या जिल्ह्यातही त्याचे प्रयोग झाले. त्यामुळे समुद्र ओलांडून आलेलंच पाकीट घ्यायला हवं असं नाही.

आमची एकादशीची खिचडी अशी झाली. एक वाटी क्विनोआ फेस थांबेपर्यंत धुतला. फार वेळ भिजवायचा नाही, नाहीतर शेपट्या आधीच सुटतात आणि दाणा गळतो. निथळून जाड बुडाच्या कढईत कोरडा परतला. आधी ओल्या दाण्यांचा चरचर आवाज येतो, मग तो थांबतो, आणि दोनेक मिनिटांत खमंग वास सुटतो. तिथे दोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घातलं, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं, गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. झाकण लगेच काढायचं नाही, आतली वाफ उरलेलं पाणी दाण्यात जिरवते. मग तुपात जिरं, हिरवी मिरची, उकडलेला बटाटा, वरून दाण्याचं कूट, लिंबू आणि किंचित साखर.

खाताना लक्षात आलं ते असं. बटाटा तितिकाकाच्या परिसरातला. शेंगदाणा माणसाळला तो बोलिव्हियाच्या दक्षिणेला. मिरचीचं मूळही त्याच खंडात. हे तिघे पोर्तुगिजांच्या जहाजांच्या काळापासून एकामागून एक आपल्याकडे आले, उपवासाच्या ताटात जाऊन बसले, आणि ते परके होते हे आपण विसरूनही गेलो. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. चौथा शेजारी मागे राहिला होता, तो आमच्या कढईत त्या तिघांना चारेकशे वर्षांनी भेटला. तूप मात्र आपलं.

उपमा, पुलाव, कोशिंबीर, दूध-गूळ घालून खीर, सगळं त्याचं चांगलं होतं. ग्लूटेन नसल्याने पोळी लाटता येत नाही, पण उकड काढून ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळला तर भाकरी थापता येते. थालीपिठाच्या भाजणीत तर तो बेमालूम मिसळतो.

आणि तो परवडला नाही तर? तर राजगिरा आहे. प्रथिनं जवळपास तेवढीच, लोह आणि कॅल्शियम क्विनोआपेक्षा जास्त, मण्यांची माळही तितकीच पुरी. कॅल्शियमसाठी नाचणीला तोड नाही, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, क्विनोआच्या सातपट. क्विनोआ आणावा तो त्याच्या चवीसाठी आणि पंधरा मिनिटांत पुरं जेवण होतं त्यासाठी.

हिमाचलात आणि हिमालयाच्या इतर डोंगराळ भागांत चाकवताच्याच जातीचं बी धान्य म्हणून पिकवत आले आहेत. तिथे त्याला बाथू म्हणतात. पाला भाजीला आणि दाणे भातासारखे शिजवायला. हे वाचल्यापासून मंडईत माझी नजर जून जुड्यांकडे जाते. थंडीच्या अखेरीस चाकवत फुलोऱ्यावर येतो, भाजीवाल्या मावशी तशा काड्या काढून टाकतात. मागच्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडून मूठभर मागून घेतल्या, खिडकीत वाळवल्या आणि तळहातावर चोळल्या. भुसा फुंकल्यावर काळे, चकचकीत, खसखशीहून जरा मोठे दाणे उरले. त्यांतले दहा-बारा पाण्यात उकळून भाचीच्या भिंगाखाली धरले. काळी साल फाटली होती, आणि आत गोल गुंडाळलेली तीच पांढरी शेपटी होती.